गौरा कुठल्या गावची

मुरबाडकडून जाताना टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत रत्नप्रभाचं गाव आहे. भात निघालं की नदीच्या पंपावर तिथे भेंडी लावतात. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे गेलात, तर साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवलेल्या आणि हातात मोजे घातलेल्या बायका दिसतील. मोजे पायातलेच, पोरांच्या शाळेचे जुने. भेंडीच्या बारीक लवेनं अशी खाज सुटते की उघड्या हातानं तोडणारी बाई दुपारी भाकरी थापू शकत नाही. उन्हं वर यायच्या आत तोडायची, वाकडी-जून बाजूला काढायची, क्रेट भरायचे. साडेनऊला टेम्पो येतो आणि तो कोणासाठी थांबत नाही.

रत्नप्रभा बारावी झालेली, अडतीस वर्षांची. नवरा सुदाम मुरबाडच्या एका कारखान्यात, पहिल्या पाळीला. सासू येसूबाई अजून दोन ओळी सुनेच्या बरोबरीनं तोडते. मुलगी समता दहावीत. घरात स्मार्टफोन एकच, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोघी.

लिहायला ती लागली ते रागाने. दोन वर्षांमागे नणंदेनं व्हॉट्सअपवर एक लिंक पाठवली. मराठीत लिहिणाऱ्यांची साइट होती, कोणीही नाव नोंदवावं आणि लिहावं, इतरांनी खाली प्रतिक्रिया द्याव्यात अशी. त्यावर कोणी भरली भेंडी लिहिली होती. भेंडी कशी निवडावी यावर त्या बाईंनी चार परिच्छेद खर्च केले होते आणि शेवटी म्हटलं होतं, की भेंडीवाल्यांना स्वच्छतेचं भान नसतं. रत्नप्रभाने खाली उत्तर लिहायला घेतलं. पहाट, मोजे, खाज, टेम्पो, सगळं लिहिता लिहिता उत्तर मूळ पाककृतीपेक्षा लांब झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली तेवीस जणांनी लिहिलेलं. साताऱ्याच्या एका बाई म्हणाल्या, ‘ताई, हे वेगळा लेख म्हणून टाका ना.’ पाककृती लिहिणाऱ्या बाईंनीही, चुकलं म्हणून कबूल केलं होतं. रत्नप्रभानं ‘मोजेवाली’ असं नाव घेतलं आणि लेख टाकला.

तेव्हापासून तिचा दिवस नव्याने बसवला गेला. टेम्पो गेला की येसूबाई पाय शेकत बसायची. त्या वेळात, दहा ते अकरा, रत्नप्रभा घरापुढच्या ओट्यावर उपड्या क्रेटवर बसून लिहायची. अकराला भात टाकायचा. चारला सुदाम येणार, पाचपासून फोन समताचा, कारण तिचे गणिताचे व्हिडिओ. एक तास लिहायचा आणि तेवीस तास मनात घोळवायचं, असा हिशोब. दहावीचा अभ्यास वाढला तशी समता सकाळीही फोन मागू लागली आणि तोही तास आखडला. मग ती समताच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची आणि समता जेवणानंतर दहा मिनिटांत सगळं टाइप करून द्यायची.

“आई, ‘विहीर’ची ‘वि’ पहिली गो,” समता म्हणायची. “किती वेळा सांगायचं?”

“तू सुधारतेस ना, मग कशाला लक्षात ठेवू?”

सुदामला हे सगळं माहीत होतं, पण तो वाचत नव्हता. बायको फोनवर काहीतरी लिहिते आणि लोक तिला ताई म्हणतात, एवढं त्याला पुरे होतं. येसूबाईला मात्र सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. सासू रागीट होती असं नाही. पण शेतात राबणारी सून उपड्या क्रेटवर बसून मनानं माणसं रचते, हे ऐकायला रत्नप्रभाला स्वतःलाच विचित्र वाटायचं. सासूला वाटायचं ती फोनवर बाजारभाव बघते.

या हिवाळ्यात तिने पहिल्यांदा लांब गोष्ट लिहायला घेतली, भागाभागांची. गौरा नावाची बाई. माळशेज रस्त्यावर तिचा लहानसा ढाबा. नवरा गुजरातेत कामाला म्हणून गेला तो सात वर्षं परतला नाही. गौरानं चुलीवर पिठलं-भाकरी सुरू केली, मग चहा, मग घाटात अडकलेल्या गाड्यांतल्या माणसांना आसरा. दर आठवड्याला एक भाग. तिसऱ्या भागापासून वाचक वाट बघू लागले.

ती गोष्ट शेतात कशी शिरली, तर त्याला कारण सकुबाई. सकुबाईचं शेत बांधाला बांध लागून. आज हिच्या शेतात सगळ्यांनी तोडायची, उद्या तिच्या, असं त्यांचं चालायचं. बरोबर पाड्यावरची जिवली असायची, मजुरीला. एका पहाटे थंडी मरणाची होती, कोणी बोलेना, हात चालेनात. सकुबाई म्हणाली, “रत्ने, काय तरी सांग गो. झोप येते.”

रत्नप्रभाच्या डोक्यात गौराच होती. तीच सांगायला लागली. गौरानं पहिल्या दिवशी पीठ मळलं आणि गिऱ्हाईकच आलं नाही, मग ते पीठ कुत्र्यांना घालताना ती कशी हसली, इथपर्यंत ओळ संपली.

“कुठली गो ही?” जिवलीने विचारलं.

तिथे खरं सांगून मोकळं व्हायचं. पण बाजूच्या ओळीत सासू होती. रत्नप्रभाच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या मामीच्या गावची.”

एवढंच ती बोलली आणि अडकली. दुसऱ्या पहाटे मोजे चढवायच्या आधीच जिवलीनं विचारलं, “मंग? आलं का गिऱ्हाईक?” रोज सांगावं लागे. साइटवर आठवड्याला एक भाग जायचा, शेतात रोज. त्यामुळे बऱ्याच गोष्टी आधी भेंडीत घडायच्या आणि मग वहीत उतरायच्या. एखादा प्रसंग सांगताना जिवलीचा हात थांबला, की रत्नप्रभाला कळायचं की हे जमलं. सकुबाई मध्येच “तोड लवकर, टेम्पो येईल,” म्हणाली, की तो प्रसंग ती वहीत घ्यायचीच नाही. साइटवरच्या वाचकांना वाटायचं, या ताईंना नेमकं कुठे थांबावं ते किती छान कळतं.

येसूबाई ऐकत असायची, बोलायची नाही. फक्त एकदा म्हणाली, “तुझी ही मामी मी लग्नात पाह्यली का गो?”

“लांबची हाय, आई.”

“बरं,” येसूबाई म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

सुदामला गोष्टीचा पत्ता लागला तो कारखान्यात. त्याच्या पाळीतला एक माणूस जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचत होता आणि इतरांना वाचून दाखवत होता. गौराचा नवरा चहात पाव बुडवून दोनदा गोल फिरवतो आणि मग कपाच्या काठाला टेकवून निथळू देतो, असं त्यात होतं. माणूस म्हणाला, “सुदाम, हा तर तूच रे.”

घरी येऊन सुदामनं चहा घेतला. पाव बुडवला आणि हात तसाच हवेत धरून बसला.

“तो पळून गेलेला नवरा मी हाय काय?” त्याने विचारलं.

“नाय ओ. पाव तेवढा तुमचा.”

“आणि पाय धुताना शिट्टी वाजवतो ती?”

“ती पण तुमची. पळाला तो त्याच्या मनानं.”

सुदामनं पाव कपाच्या काठाला टेकवून निथळू दिला. मग म्हणाला, “त्याला चांगला शर्ट तरी घाल. चार लोकं वाचतात.” त्या दिवसापासून संध्याकाळची भाजी तो चिरू लागला. दर भाग तो वाचायचा, ओठ हलवत, आणि नवऱ्याचा उल्लेख आला की रत्नप्रभाकडे तिरका बघायचा.

फेब्रुवारीच्या मध्यात तिने नवऱ्याला परत आणलं. सात वर्षांनी तो एका दुपारी एसटीतून उतरला आणि ढाब्यासमोर उभा राहिला, तिथे भाग संपवला. साइटवर गर्दी उसळली. दोनशेच्या वर प्रतिक्रिया. निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं, की घे बाई घरात, माणूस चुकतो. साताऱ्याच्या बाईंनी लिहिलं, ‘मोजेवाली, संसार जुळवण्यात बाईचं मोठेपण असतं, ते विसरू नका.’ उरलेल्यांनी त्यांना धारेवर धरलं. रत्नप्रभा एकेक वाचत होती आणि भात लागल्याचा वास आला तेव्हा उठली.

शेतात तोच भाग तिनं सकाळी सांगितला होता. तिथे मात्र कोणी ‘घे घरात’ म्हटलं नाही. जिवली तर पूर्ण ओळभर गप्प होती. शेवटी सकुबाई म्हणाली, “त्याला घेऊ नको म्हणावं. सात वर्षं झाली, आता कसला नवरा? मी बघते काय ते.”

यात काय बघणार, असं रत्नप्रभाला वाटलं आणि ती विसरूनही गेली. नवऱ्याचं पुढे काय करायचं ते तिला ठरवता येईना, म्हणून शेतातही गोष्ट तिथेच अडली होती.

चार दिवसांनी सकुबाई बांध ओलांडून आली ती कमरेवर हात ठेवूनच. तिचा धाकटा भाऊ राघो डोळखांबला असतो, शेअर जीप चालवतो, बायको वारून तीन वर्षं झालीत. सकुबाईनं त्याला गौराबद्दल सांगितलं होतं. कष्टाची बाई, स्वतःचा धंदा, मूलबाळ नाही. राघोला ती ऐकूनच आवडली. मामीच्या गावचं नाव काही माहीत नव्हतं, पण माळशेज रस्त्यावर ढाबे असून असून किती? रविवारी जीप घेऊन तो निघाला आणि टोकावड्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत प्रत्येक ढाब्यावर थांबला. नऊ ठिकाणी चहा प्यायला. प्रत्येक ठिकाणी विचारलं, “गौराबाई इथंच का?” सातव्या ढाब्यावरच्या म्हातारीनं त्याला झारा दाखवला. कारण तिच्या सुनेचं नाव गौरा होतं आणि सुनेचा नवरा आत भजी तळत होता.

“पोटात नऊ चहा आणि वर शिव्या,” सकुबाई म्हणाली. “आता सांग, कुठल्या गावची तुझी मामी? उद्या मीच जाते त्याच्यासंगं.”

जिवली क्रेट घेऊन चालली होती ती थांबली. येसूबाई खाली बसून भेंडी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

रत्नप्रभानं हातातले मोजे काढले. परत घातले. मग म्हणाली, “मावशी, गौरा नाय हाय कुठंच.”

“म्हंजे? मेली?”

“नाय. ती नव्हतीच. मी मनानं केली. फोनवर एक जागा हाय, तिथं मी लिहिते. लोक वाचतात. तेच तुमाला सांगत होते.”

 सकुबाईचे हात कमरेवरून खाली आले. रत्नप्रभाला शरमेनं कान तापल्यासारखे झाले होते. एक माणूस दिवसभर जीप फिरवून आपण रचलेल्या बाईला शोधत होता, हे आठवून त्याच शरमेत तिला आतून कुठेतरी आनंदही होत होता, आणि त्याची आणखी शरम वाटत होती.

“मामीच नाय तिला,” येसूबाई शांतपणे म्हणाली. “तिच्या आईला भाऊच नाय, नुसत्या तीन बहिणी, मामा कुठनं येनार? मला पह्यल्या दिसापासून ठाव हाय.”

“मग तुमी बोलला नाय ते?” रत्नप्रभाने विचारलं.

“बोलले असते तर तू सांगायची बंद झाली असतीस. मग पुढं काय झालं ते मला कोन सांगनार?”

सकुबाईला हसू फुटलं. आधी ती ते दाबत होती, मग बांधावर बसूनच हसली. “नऊ चहा गो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “झोपला नाय रात्रभर माझा भाऊ.”

जिवली हसली नाही. तिने क्रेट खाली ठेवला आणि ओळीत परत गेली. त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो गेल्यावर रत्नप्रभा तिच्या मागोमाग विहिरीपर्यंत गेली.

जिवलीचा नवरा पाच वर्षांमागे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आणि आला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नसे, इतकं ते जुनं झालं होतं. रत्नप्रभालाही गोष्ट लिहिताना ते आठवलं नव्हतं. किंवा आठवलं असेल आणि तिने स्वतःला कळू दिलं नसेल. विहिरीवर जिवलीनं कळशी एका हाताने उचलून कमरेवर घेतली, दुसऱ्या हातानं पदर खोचला, तेव्हा रत्नप्रभाला दिसलं की गौरा दर भागात असंच पाणी भरत आली आहे.

“मी तिच्यासाठी नारळ बोलले होते देवाला,” जिवली म्हणाली. “तो परत आला आनि तिनं त्याला बघितला, तेव्हा माझ्या छातीत धडधड झाली. आनि तू म्हंतेस ती नायच. मंग सात वर्षं कोनी काढली?”

“तू काढलीस,” रत्नप्रभा म्हणाली. “पाच तू काढलीस. दोन मी वाढवली. चुकलं माझं, तुला विचारायला पायजे होतं.”

जिवलीनं कमरेवरची कळशी सावरली. “मी काय ढाबा नाय घातला.”

“घातला असतास तर चालला असता.”

“चालला असता,” जिवली म्हणाली आणि कळशी खाली ठेवली. “आता त्याचं काय करनार तू? उभाच ठेवलास उन्हात. आठवडा होत आला.”

“साइटवरचे म्हणतात, घरात घे. सकुमावशी म्हणते, हाकलून दे. तू सांग.”

जिवली विहिरीच्या काठाला टेकली. भुकेला असेल तर जेवू घाल, ती म्हणाली, भुकेल्याला नाय म्हनू नये. पण आत नाय घ्यायचा. बाहेरच्या बाकड्यावर बसव. जेवला की ताट त्यानंच घासायचं. एवढं ताट घासलं, तर बाकीची पन घासायला दे. राहूंदे बाकड्यावर. पाऊस लागला की बघू. “आनि तिनं त्याला येक पन प्रश्न नाय विचारायचा,” ती म्हणाली. “कुठं होतास, काय करत होतास, काय नाय. त्याला सांगायचं असेल. तिला ऐकायचं नाय.”

रत्नप्रभानं त्या दिवशी भात उशिरा टाकला. वहीची सात पानं भरली. समताची गणिताची सराव परीक्षा होती, तरी तिने पानं हातात घेतली आणि टाइप करता करता थांबली.

“आई, हे शेवटचं वाक्य तुझं नाय वाटत.”

“नाय. जिवलीचं हाय.”

“यात ऱ्हस्व-दीर्घ काय नाय चुकलं,” समता म्हणाली.

त्या भागावर भांडणं झाली. काही वाचक रागावून गेले, कोणी म्हणालं की इतकी कडवट नायिका कशाला. दुबईहून एकानं लिहिलं, की मी ऑफिसात वाचलं आणि घरी जाऊन न सांगता भांडी घासली. साताऱ्याच्या बाईंनी लांबलचक लिहिलं, ‘प्रश्न न विचारणं हे कुठल्या घरात शोभतं? दोन शब्द बोलून मन मोकळं करायला हवं होतं तिने.’

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून रत्नप्रभा फोन शेतातच घेऊन आली आणि टेम्पोची वाट बघत प्रतिक्रिया मोठ्यानं वाचू लागली. सुदामची रजा होती, तोही क्रेटवर बसला होता. साताऱ्याच्या बाईंचं ऐकून सकुबाई तापली. “हिला उत्तर लिही,” ती म्हणाली. “लिही, की बाई, तुमी या येक दिवस. आमच्याकडं भेंडी तोडा. मग मन मोकळं करायला टाइम राहिला तर करा.” रत्नप्रभानं जरा मऊ करून लिहिलं. दोन दिवसांनी साताऱ्याच्या बाईंचं उत्तर आलं, की मी खरंच येईन, पण मोजे कोणते आणू, सुती की लोकरी?

राघोला जीपवाले अजून गौरा म्हणूनच हाक मारतात. त्याचा त्याला राग नाही. सातव्या ढाब्यावरच्या म्हातारीला त्यानं जाऊन सगळी हकिगत सांगितली, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. आता तो प्रवासी उतरवून तिच्याकडे चहाला थांबतो. म्हातारी त्याच्यासाठी कुठे स्थळ बघते आहे, असं सकुबाई म्हणते, पण सकुबाईचं यातलं काही आता कोणी धरून चालत नाही.

समताची परीक्षा मार्चमध्ये सुरू झाली आणि फोन महिनाभर तिच्याकडे गेला. रत्नप्रभानं साइटवर तसं कळवलं आणि वाचकांनी पोरीला शुभेच्छा दिल्या, काहींनी गणिताच्या युक्त्याही पाठवल्या. भूमितीच्या पेपराच्या दिवशी येसूबाईनं नातीच्या खिशात खडीसाखर घातली आणि सुनेला म्हणाली, “तू आज ओळीत येऊ नको, पोरीला सोडून ये.” सुनेच्या दोन ओळी तिने स्वतः तोडल्या आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून घर डोक्यावर घेतलं.

एप्रिलच्या सुरुवातीला भेंडीचं शेवटचं तोडणं झालं. झाडं जून झाली होती, क्रेट अर्धेच भरले. टेम्पोवाला ते घेऊन निघून गेला तरी बायका बांधावरच बसून राहिल्या. जिवलीनं मोजे काढून झटकले आणि रत्नप्रभाकडे सरकली.

“आता माझी लिही,” ती म्हणाली. “वीटभट्टीची. मी पन लहानपनी होते तिथं, बापासंगं. ते सांगते. नवऱ्याचं नाय.”

“सांग की.”

“पन नाव बदल. गौरा नको, तिचं झालं.”

“मग काय ठेवू?”

जिवलीनं विचार केला. सकुबाईनं दोन नावं सुचवली, ती तिला पटली नाहीत. शेवटी ती म्हणाली, “समीक्षा. पाड्याच्या शाळेत बाई आल्यात नव्या, त्यांचं नाव हाय. मला आवडतं.”

“तेव्हा भट्टीवर समीक्षा नाव कोणाचं असणार गो?” सकुबाई म्हणाली.

“गोष्टीत असंल,” जिवली म्हणाली. रत्नप्रभानं पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली आणि पेनाचं टोपण दातांनी ओढलं.